कानडी येत नाही म्हण

मुलाखतीला जाणारी पोरं अजून माझ्याकडे येतात. बूट पुसून जा, सांगितल्याशिवाय बसू नका, खोटं बोलू नका, असं काहीबाही मी सांगतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात आम्ही दोघं मित्र एका खोलीत राहायचो. तो अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा, घरी कानडी बोलणारा. मला कानडी आलं ते त्याच्यामुळं. जेवताना तो मराठी बोलूच द्यायचा नाही. सात रस्त्याजवळच्या एका बँकेत कारकुनाची एकच जागा निघाली आणि बोलावणं दोघांनाही आलं. ती हुकली तर त्याला गावी मामाच्या दुकानात तराजू धरावा लागणार होता. माझ्यामागं तेवढंही नव्हतं.

तयारी मीच करून घ्यायचो. म्हणालो, "कानडी येत नाही म्हण. खेडवळ समजतील."

"बरं मास्तर," तो हसला.

तेव्हा ते मी मनापासून म्हणालो होतो. तेवढं तरी खरं आहे.

मुलाखतीच्या दिवशी त्याला बाकावर बसवून मी मागं पाणी प्यायला गेलो. माठापाशी शिपाई होता. म्हणाला, "कानडी येतं का रं? अक्कलकोटकडं नवी शाखा निघतीया. गिऱ्हाईक समदं कानडी. साहेब त्येच बघायलेत की."

मी परत येऊन त्याच्याशेजारी बसलो. सांगायला वेळ भरपूर होता. वाक्य अगदी ओठांवर होतं.

"तोंड का उतरलं लेका?" तो म्हणाला. "मला घेतलं तर तुला चहा पाजतो की."

"पाणी गरम होतं," मी म्हणालो.

त्याचं नाव पुकारलं. उठता उठता त्यानं हळूच विचारलं, "कानडीचं तसंच म्हणायचं ना?"

मी मान हलवली. होकाराची.

तो लवकरच बाहेर आला. "सांगितलंस तसंच म्हणलो. साहेब म्हणाले, मैंदर्गीचे असून येत नाही? म्हणलं, घरात मराठीच. जमलं बहुतेक."

आत साहेबांनी मला कानडीतच गाव विचारलं. मी उत्तर दिलं. शब्द त्याचे होते, हेलसुद्धा त्याचाच.

"कुठं शिकलात?"

"शेजारी कानडी होते," मी म्हणालो.

बाहेर तो माझ्यासाठी थांबला होता. रोजच्यासारखं त्यानं कानडीत विचारलं, भूक लागली का. मी मराठीत उत्तर दिलं.

जागा मला मिळाली. तो गावी गेला. पुढं नव्या शाखेत मी काउंटरवर एका म्हातारीला कानडीत व्याज समजावून सांगत होतो. तिच्यामागं मामाच्या दुकानाचा भरणा घेऊन तो उभा होता. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. म्हातारी बाजूला झाली. मी नजर वर केली आणि कानडीत त्याची खुशाली विचारली.

त्यानं स्लिप सरकवली. "भरणा घ्या, साहेब," तो मराठीत म्हणाला. "मला कानडी येत नाही."