संग्रहालयातले घुबड

पोलिसातल्या नोकरीतले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. हा मात्र आजही जसाच्या तसा आठवतो.

यवतमाळच्या एका महाविद्यालयात पक्ष्यांचा जुना संग्रह आहे. पूर्वीच्या प्राध्यापकांनी झरी जामणीच्या जंगलातून मेलेले पक्षी आणून, कातडीत कापूस भरून, कुठे सापडला त्याची चिठ्ठी प्रत्येकाच्या पायाला बांधून ठेवली होती. त्यातले काही पक्षी त्या भागात आता दिसतही नाहीत. एका सकाळी तिथल्या विभागप्रमुख बाई फिर्याद द्यायला आल्या. कपाटाचे कुलूप तोडून कुणीतरी एकच घुबड नेले होते.

ठाणे अंमलदाराला हसू आले. बाई शांतपणे म्हणाल्या, "पक्षी नाही मिळाला तरी चालेल, पण तो कुणाच्या पोटात जायला नको. कीड लागू नये म्हणून त्या काळी कातड्यांना सोमल चोळत. विष आहे ते."

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. घुबड म्हटले की गुप्तधनासाठी पूजा मांडणारे मांत्रिक, म्हणून आम्ही आधी त्यांच्याच मागे लागलो. दुसऱ्या दिवशी महागावकडच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, एक पेंटर वाळलेल्या घुबडाची दवाई कशी करतेत, ते इचारून राह्यला." संग्रहालयाची खोली नुकतीच त्याच पेंटरने रंगवली होती.

ठाण्यात आणल्यावर त्याचे एकच उत्तर, "मले काही मालूम नाही साहेब." आवाज चढवून उपयोग नव्हता. दवाई हा शब्द माझ्या डोक्यात होता. मी चहा मागवला आणि विचारले, "घरी कोण आजारी आहे?"

त्याने कप उचलला.

"ज्याला ते देशील, तो मरेल. त्या घुबडाला विष लावलेले आहे."

कप खाली ठेवून तो उठला. "बहिणीच्या पोरीले फिट येतेत साहेब. भगतानं सांगतलं होतं. आज संध्याकाळी द्याची हाय."

बहिणीचा फोन लागेना. त्याला सोबत घेऊन जीप काढली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती मधात घुबडाच्या पंखाची पूड कालवत होती आणि पोरगी शेजारी बसली होती. पेंटरने तिच्याकडून वाटी काढून माझ्या हातात दिली.

"काहून रे?" बहिणीने विचारले. त्याने माझ्याकडे बोट केले. मीच सांगितले. तिने पोरीची बोटे धुतली, पुसली, परत धुतली.

पोरीला त्याच जीपमधून सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्यांनी फिट आटोक्यात आल्याचे पुढे कळले. भगतावर वेगळी कारवाई झाली. एक पंख गेलेले घुबड कोर्टाच्या हुकुमाने बाईंना परत मिळाले, आणि त्यांनी ते पुन्हा कपाटात ठेवले.

चोर कोण, याच्या आधी वस्तू कशासाठी नेली हे विचारायला मी त्या प्रकरणात शिकलो. अटकेच्या कागदावर सही करताना पेंटर म्हणाला, "बरं झालं साहेब, पकडलं." एवढ्या नोकरीत असे म्हणणारा आरोपी मला दुसरा भेटला नाही.