काकाची भेंडी आणि चवथीच्या मुंग्या

आमच्या गोव्यातल्या, मये गावच्या घरात मुंग्या कमी, मुंग्यांचे किस्से जास्त! एक सांगायला घेतला की मागून रांग लागतेच.

काका पूर्वी डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, काका शेतकरी झाला! चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ना, ती माटोळी, अख्खा वाडा मान वर करून तपासतो. काकाने सगळ्यांसमोर डिक्लेअर केलं, "यंदा माझ्या माटोळीत बाजारची भेंडी दिसली, तर मिशी काढीन!"

*

बी पेरण्याआधी गुळाच्या पाण्यात भिजवलं. म्हणे ताकद येते! सकाळी वाफ्यात मुंग्यांची जत्रा.

काकी म्हणाली, "अहो, बी पेरलंत की प्रसाद वाटलात?"

*

परत पेरलं. रोपं आली, मुंग्याही आल्या. काकाने टोपभर उकळतं पाणी ओतलं. मुंग्या मेल्या. रोपंही गेली.

काकी वाकून बघते, "शिजली मात्र चांगली हां. मीठ तेवढं राहिलं!"

*

तिसऱ्या पेरणीला मोबाइलवर बघितलं, उग्र वासाने मुंग्या पळतात. काकाने वाफ्याच्या कडेच्या दगडांना डोकेदुखीचा बाम फासला!

मी विचारलं, "काका, मुंग्यांना ताप पण आसा काय? थर्मामीटर आणू?"

चप्पल आली. नेम चुकला.

*

मग बाजारातून पांढरी पावडर आली. काकीने पुडी ओढूनच घेतली. "ही भेंडी पोरांच्या ताटात जायची! विष कोणाला घालताय?"

तिने पान उलटून दाखवलं. खाली बारीक किड्यांचा मावा चिकटलेला! "ह्याचा गोड रस चाटायला येतात त्या. आधी ह्याला घालवा."

साबणाचं पातळ पाणी पानांखाली फवारलं, मग साध्या पाण्याने धुतलं. असं दोन-तीनदा केलं. मावा गेला, मुंग्या पांगल्या, भेंडी लागली! काका वाडाभर सांगत सुटला, "आयडिया माझी!"

काकीने नुसतं बघितलं. ती नजर आधीच वाफ्यावर टाकली असती तर साबण वाचला असता.

*

चवथ आली. माटोळीच्या मधोमध भेंडीचा घोस, खाली छाती काढून काका. आरती रंगात आलेली. एवढ्यात वरून काहीतरी त्याच्या कॉलरमध्ये पडलं. काका एका पायावर. मग दुसऱ्या पायावर. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले, "काय ती भक्ती!"

शेजारच्या सोमाने झांज थांबवली, वर बघितलं, काकाकडे बघितलं. "काय मरे, भेंडी घरचीच ना?"

काका पाठीत हात घालून ओरडला, "भेंडी घरची! मुंग्या बाजारच्या!"