काळ्या गाड्यांची मावशी

गॅरेजमध्ये सगळे तिला मावशी म्हणत, पण खरी मावशी ती फक्त मालकाची. त्याची आई म्हणजे तिची थोरली बहीण. तो नववीत असताना आई गेली, आणि पुढची सात वर्षं तो मावशीच्याच घरी वाढला. तिच्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून त्यानं अभ्यास केला आणि तिच्याच नवऱ्याच्या स्कूटरवर गाडी चालवायला शिकला. पुढे त्यानं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं गॅरेज टाकलं, तेव्हा पहिल्या दिवसापासून मावशी त्याच्याबरोबर बादली घेऊन उभी होती.

तिच्या हाताला पॉलिश नवीन नव्हतं. तिचे वडील लाकडी कपाटांना आणि टेबलांना पॉलिश करायचे. लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसून कापडाचा बोळा फिरवायची. जरा जास्त माल लावला की वडील हातावर टिचकी मारायचे. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुसायचा, हे तिच्या बोटांत तेव्हापासूनच मुरलेलं.

गाड्या कुणीही धुवायचं, पण काळी गाडी आली की हाक मावशीला. काळा रंग काहीच लपवत नाही. पाण्याचा थेंब उन्हात वाळला तरी पांढरं वेटोळं उमटतं, आणि फडक्यात वाळूचा एक कण अडकला तर तो सगळ्या दारावर आपली सही करून जातो. म्हणून मावशी कामाला लागण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायची, आणि एप्रन उलटा घालायची, म्हणजे गुंड्या पाठीकडे. गाडी सावलीत घ्यायची आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत तिला शिवायचं नाही. बादल्या दोन, एक साबणाच्या पाण्याची आणि एक फडकं खळबळायला साध्या पाण्याची. टपापासून खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. नंतर ती हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून तळवा फिरवायची. नुसत्या हाताला न लागणारी खरखर पिशवीतून बरोबर लागते. ती खरखर गेल्याशिवाय मेणाची डबी उघडायचीच नाही, असा तिचा शिरस्ता होता.

हे सगळं छान चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी भाच्यानं गॅरेजचं रूप पालटलं. पुढे काचेची केबिन आली, सोफा आला, आणि केबिन आणि कामाची जागा यांच्यामध्ये छतापासून जमिनीपर्यंत जाड करडा पडदा आला. गिऱ्हाइकांशी बोलायला एक माणूस ठेवला. तो बाराही महिने कोट घालायचा, म्हणून सगळे त्याला कोटवालाच म्हणत. याआधी तो गाद्या विकायचा. गाडीच्या रंगाबद्दल त्याला जे ठाऊक होतं ते डबीवर छापलेलं असायचं तेवढंच.

त्याच आठवड्यात भाचा मावशीजवळ येऊन म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक आलं की तू जरा आतच थांबत जा."

"का रे?"

"मोठमोठ्या गाड्यांवाले येतात आता. त्यांना वाटतं, आत कुणी ट्रेनिंग घेतलेला माणूस असेल. तू दिसलीस की..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं.

ती दिसली की काय होतं, हे मावशीनं विचारलं नाही. पण तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं ज्याला गरम जेवण वाढलं, त्याला आता आपण दिसायला नको झालो. तरी पोराचा धंदा आहे, चार पैसे मिळू देत, म्हणून तिनं तो राग गिळला. गिळला खरा, पण पचला नाही. रोज त्या पडद्याकडे बघितलं की तो पुन्हा वर यायचा.

मग एक दिवस डॉक्टरीणबाईंची काळी गाडी आली. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, साठीच्या आसपासच्या, बोलायला थेट. गाडी झाडाखाली उभी असायची, त्यामुळे रंगावर चीक आणि पक्ष्यांची घाण वाळून बसली होती. मावशीला दोन दिवस लागले. घाणीचे डाग तिनं खरवडले नाहीत, ओलं फडकं ठेवून मऊ होऊ दिले आणि अलगद उचलले. टपाचा मधला भाग हाताला येत नव्हता, म्हणून स्टुलावर चढून केला. मग एका वेळी एकच दार घेत मेणाचा थर दिला, बोट फिरवून वाळलाय का पाहिलं, आणि स्वच्छ फडक्यानं उतरवला. शेवटी बॉनेटमध्ये छतावरच्या दिव्यांच्या नळ्यासुद्धा सरळ रेषेत दिसायला लागल्या.

गाडी न्यायला डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मावशी पडद्याच्या आत फडकी धूत होती. बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"नवीन घेतली तेव्हाही अशी नव्हती. कुणी केलं हे?"

"मीच, मॅडम," कोटवाला म्हणाला.

"आणि ही अशीच राहावी म्हणून मी काय करू?"

"विशेष काही नाही. रोज सकाळी कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसून घेत जा."

मावशीचे हात पाण्यातच थांबले. आपलं काम त्यानं स्वतःच्या नावावर खपवलं, हे एक वेळ ठीक. पण धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं? ते म्हणजे पॉलिशपेपर घेऊन रोज गाडी घासण्यासारखंच. तिनं संध्याकाळी भाच्याला गाठलं. "त्या डॉक्टरीणबाईंना फोन कर. त्यानं उलटंच सांगितलंय. महिन्याभरात गाडीची वाट लागेल."

"करतो," भाचा म्हणाला, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. फोन त्यानं केला नाही.

दीड महिन्यानं डॉक्टरीणबाई गाडी घेऊन परत आल्या. आवाज चढलेला नव्हता, पण पडद्याच्या आतही लख्ख ऐकू येत होता. उन्हात गाडी बघवत नव्हती. बॉनेटभर कोळ्यानं जाळं विणावं तसे बारीक ओरखडे.

"हे तुमच्या कामातून झालंय," त्या म्हणाल्या.

कोटवाला लगेच म्हणाला, "मॅडम, मी स्वतः करायला हवं होतं. आतल्या बाईनं घाईघाईत हात मारला असणार."

आता तरी भाचा काही बोलेल, अशी मावशीला आशा होती. तो बोलला. म्हणाला, "माफ करा मॅडम. कामाची बाई आहे, झाली असेल चूक. मी समज देतो तिला."

कामाची बाई. मावशीनं हातातलं फडकं बादलीच्या काठावर ठेवलं, पडदा बाजूला सारला आणि ओल्या हातांनी, उलट्या एप्रननं, ती थेट केबिनमध्ये जाऊन उभी राहिली.

"मावशी, आत जा," भाचा दबक्या आवाजात म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "डॉक्टरीणबाई, गाडी मी केली होती. दोन दिवस खपून केली होती. जरा बाहेर येता का माझ्याबरोबर?"

दोघी बाहेर आल्या. मागोमाग भाचा आणि कोटवालाही आले. मावशीनं आतलं स्टूल ओढत आणून गाडीच्या बाजूला ठेवलं. "गाडी रोज कोण पुसतं?"

"मीच. दवाखान्यात निघायच्या आधी. कोरड्या फडक्यानं."

"तुमचा हात टपावर कुठवर पोचतो, दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी हात लांबवला. टाचा उचलूनही बोटं टपाच्या निम्म्याला आली नाहीत.

"आता या स्टुलावर चढून बघा. मी धरते तुम्हाला."

डॉक्टरीणबाई चढल्या. कडेनं जिथवर त्यांचा हात जात होता तिथवर जाळं होतं. मधला पट्टा मात्र धुळीखालीही गुळगुळीत, एकसुद्धा ओरखडा नाही. मावशीनं त्यावर पाणी सोडलं. थेंब गोल होऊन घरंगळले.

"माझा हात वाईट असता, तर हा पट्टासुद्धा खराब व्हायला हवा होता," मावशी म्हणाली. "तोही मीच केलाय, याच स्टुलावरून."

डॉक्टरीणबाई खाली उतरल्या आणि कोटवाल्याकडे वळल्या. "मला पुसायला तुम्हीच सांगितलं होतं."

कोटवाला कोटाच्या बाहीवरचा धागा काढत राहिला. "आतून ऐकलं होतं मी," मावशी म्हणाली.

"आणि तुम्ही त्या दिवशी बाहेर येऊन का नाही सांगितलंत?" त्यांनी मावशीला विचारलं.

"मला बाहेर यायची परवानगी नाही."

डॉक्टरीणबाईंनी भाच्याकडे पाहिलं. त्याची मान आपोआप खाली गेली. मग मावशीनं त्यांना नीट समजावून सांगितलं: आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्यायची, कोरड्या गाडीला हात लावायचा नाही, टॉवेल घासायचा नाही तर पसरून ओढायचा, आणि पक्ष्याची घाण दिसली की संध्याकाळची वाट बघायची नाही. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून चिठ्ठ्यांचं पॅड काढून सगळं लिहून घेतलं.

"हे ओरखडे जातील?"

"बरेचसे जातील. पण मी नाही करणार," मावशी म्हणाली. "पहिल्यांदा जो 'मीच केली' म्हणाला, त्यालाच करू दे आता." तिनं एप्रन काढला, स्टुलावर ठेवला आणि घरी निघून गेली.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, बोलणं मोजकं. "बरं केलंस," तो म्हणाला. "फक्त दोन वर्षं उशीर केलास."

"भाचा आहे माझा."

"म्हणूनच दोन वर्षं. दुसरा असता तर दोन दिवस."

आठ दिवस कुणाचा फोन नाही. मावशीनं घरातली सगळी कपाटं पॉलिश करून काढली, आणि प्रत्येक कपाटाबरोबर भाच्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. नवव्या दिवशी तो दारात उभा राहिला. चपला काढून आत आला आणि लहानपणी बसायचा त्याच कोपऱ्यात बसला.

"तीन काळ्या गाड्या उभ्या आहेत, मावशी. हात लावायला कुणी धजत नाही. डॉक्टरीणबाईंचीही आहे. त्या म्हणतात, तुमच्या मावशी येईपर्यंत थांबेन."

"त्यांना कळलं तर मी तुझी कोण ते."

"मीच सांगितलं," तो म्हणाला.

"पडदा?"

"काढतो."

"आणि गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात मी देणार. काय करायचं, काय नाही, तेही मीच सांगणार. तुझ्या कोटवाल्यानं पाणी विचारावं, सोफ्यावर बसवावं."

"बरं."

ती वाट बघत राहिली. अजून एक शब्द यायला हवा होता, आणि तो त्यालाही ठाऊक होता, कारण दोनदा त्याचे ओठ हलले. शेवटी तो म्हणाला, "जेवायला काय केलंयस?"

मावशीनं त्याला वाढलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, तेव्हा पडदा खरोखरच निघाला होता, आणि केबिनच्या सोफ्यावरून तिच्या दोन्ही बादल्या सरळ दिसत होत्या. डॉक्टरीणबाई तिथे बसून तीन तास काम बघत होत्या, मधूनमधून प्रश्न विचारत होत्या. काम पूर्वीसारखंच सुरू झालं, किंबहुना वाढलं. पण "चुकलं" हा एवढासा शब्द भाच्याच्या तोंडून आजवर निघालेला नाही, आणि मावशी म्हणते, तो निघेपर्यंत माझा राग काही जायचा नाही.