फवारणीवाल्या मामांच्या रिकाम्या बाटल्या

आधीच सांगते, मला माझ्या मामांचा फार राग येतो. माणसाने सरळ असावं, पण इतकं नाही की कुणीही यावं आणि त्याला कोपऱ्यात उभं करावं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. ते हसतात आणि म्हणतात, "मास्तरीणबाई, शाळेतला आवाज शाळेतच ठेवून येत जा."

मामा फवारणीवाले. तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन लोकांच्या पिकांवर औषध मारतायत. कीटकनाशकाला सगळे औषधच म्हणतात, मामाही ते औषध असल्यासारखंच हाताळतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडकं, वाऱ्याकडे पाठ. घरी आले की आधी मोरीत, मग माणसांत. मी लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढले. मामी गेल्यापासून त्यांचे फवारणीचे कपडे मी वेगळ्या बादलीत धुते, आणि धुताना रोज एकदा तरी चिडते.

त्यांना वाचता येत नाही. सही येते, तीही मीच गिरवून घेतलेली. म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली आहे. एका दिवसात दोन-तीन जणांची शेतं असली की प्रत्येकाच्या बाटलीच्या तळावर ते खिळ्याने त्या मालकाची खूण करतात. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण, टोमॅटोवाल्या काकूंचा गोल. खुणेशेजारी, जितके पंप भरले तितक्या रेघा. एकाचं औषध चुकूनही दुसऱ्याच्या पिकावर पडायला नको, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

रिकामी झालेली बाटली फवारणीवाल्याने न्यायची, ही इथली रीत. मामा ती तीनदा विसळायचे, उन्हात उपडी घालायचे, झाकण घट्ट लावायचे आणि बऱ्याच साठल्या की भंगारवाल्याला द्यायचे. झाकण शाबूत असेल आणि लेबल फाटलेलं नसेल तर भंगारवाला जास्त भाव द्यायचा. मामांना वाटायचं, चला, स्वच्छतेची कदर करणारा एक तरी माणूस आहे. मी हे वर्षानुवर्षं बघत होते. मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारी मी, पण भंगाराला लेबल कशाला हवं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

यंदा काकूंच्या टोमॅटोवर अळी पडली. काकूंनी बाजारातल्या मोठ्या दुकानातून दोन बाटल्या आणल्या. मामांनी पहिली मारली. आठ दिवसांनी बघतात तर अळ्या मरायच्या सोडून चांगल्या बाळसं धरलेल्या. निम्मी फळं पोखरलेली. काकू बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, पंधरा वर्षं तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. बाटलीतलं किती मारलंत आणि किती विकलंत?"

  मामा एवढंच म्हणाले, "दुसरी बाटली द्या. तुमच्यासमोर मारतो."

काकूंनी दुसरी बाटली आणून दिली आणि कमरेवर हात ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. मामांनी सवयीप्रमाणे खिळा काढला, बाटली उलटी केली आणि त्यांचा हात थांबला. तळावर गोल होता. शेजारी चार रेघा. सील न फोडलेल्या, नव्या कोऱ्या बाटलीच्या तळावर त्यांच्याच हातची खूण. काकूंचीच गेल्या हंगामातली रिकामी बाटली कुणीतरी भरून, सील लावून पुन्हा काकूंनाच विकली होती.

"ही उघडू नका," मामा म्हणाले. "हे औषध खोटं आहे."

"कशावरून?"

त्याच क्षणी बाटली उलटी करून दाखवायची की नाही? पण त्यांच्या लक्षात आलं होतं की बाटली खोटी ठरवायची तर ती भंगारात कुणी दिली हेही सांगावं लागणार. ते नुसते "उघडू नका, जपून ठेवा" म्हणत राहिले. काकूंना वाटलं, चोरी अंगाशी आली म्हणून हा माणूस वेळ मारून नेतोय. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरा फवारणीवाला बोलावला, दुसऱ्या दुकानातून औषध आणलं, आणि नेमकं ते लागू पडलं. झालं. मामांनी औषध चोरलं, ही गोष्ट चार दिवसांत सगळीकडे पक्की झाली. तीन जणांनी ठरलेली फवारणी रद्द केली. एकाने तर पंपात औषध ओतताना शेजारी उभं राहायला आपल्या म्हाताऱ्या वडिलांना पाठवलं. म्हातारे बिचारे दोनदा शिंकले आणि घरी गेले.

मामांनी मला हे सगळं सांगितलं तेव्हा मी पोळी तव्यावर टाकून तशीच उभी राहिले. पोळी जळली.

"मामा, गप्प बसा," मी म्हटलं. "लोक विसरतील."

"काकू विसरतील, पण माझ्याकडे बघताना त्यांना आठवेल," मामा म्हणाले. "मी औषध चोरलं नाही, एवढं त्यांना कळलं पाहिजे. बाकी काही नको मला."

बाकी काही नको म्हणे! मग मी त्यांना स्कूटरवर बसवून त्या कार्यालयात नेलं जिथे औषधांचे नमुने तपासणारे निरीक्षक बसतात. बसतात म्हणजे त्यांची खुर्ची बसते. चौथ्या खेपेला साहेब भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, दुकानात गेले, आणि दुकानातल्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या अस्सल निघाल्या. निघणारच. आम्ही तीन खेपा मारल्या त्या दुकानदाराच्या कानावर गेल्याशिवाय का राहणार होत्या? दुकानदाराने हात वर केले. "काकूंच्या घरातली बाटली माझ्या दुकानातली कशावरून? पावती दाखवा." काकूंकडे पावती नव्हती, सिगारेटच्या पाकिटाच्या तुकड्यावर लिहिलेली रक्कम होती. भंगारवाला म्हणाला, "माझ्याकडे पोत्यांनी बाटल्या येतात, मी काय प्रत्येकीचं तोंड बघतो?"

साहेब माणूस वाईट नव्हते. तेही वैतागलेले होते. म्हणाले, "मामा, रिकामी बाटली बनावट औषधाच्या कारखान्यापर्यंत जाते कशी, हे कुणीतरी लिहून दिल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. सगळे तोंडी बोलतात. कागदावर कुणी येत नाही."

"मी येतो," मामा म्हणाले.

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला. गोल माझा, रेघा माझ्या, बाटली मी विसळून भंगारात दिली, असं सगळं त्यांनी सांगितलं. कारकुनाने लिहून घेतलं आणि मामांनी खाली सही केली. मी गिरवून घेतलेली, सुवाच्य. काकूंच्या घरून ती सीलबंद बाटली पंचांसमोर ताब्यात घेऊन तपासायला पाठवली गेली. बाहेर आल्यावर मी स्कूटर सुरूच करेना. भर रस्त्यात मामांवर ओरडले. येणारे-जाणारे बघत होते. मामा म्हणाले, "आता काकूंना कळेल."

पुढचे पाच महिने काहीही झालं नाही. बाटलीत काय निघतं ते कागदावर आल्याशिवाय काकूही मानायला तयार नव्हत्या. ज्या दुकानातून ती बाटली आली ते दुकान उघडं, भंगारवाल्याचा काटा सुरू. मग एक दिवस टपालाने पाकीट आलं, मामांच्या नावाचं. नोटीस होती. सबंध प्रकरणात कागदावर आलेलं एकच नाव होतं, म्हणून नोटीसही एकालाच. मी ती उभ्या उभ्या वाचली आणि रिकामं पाकीट संतापाने चुरगळलं. 

"काय लिहिलंय?" मामांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीला त्यांनी मला थांबवलं. "हे परत वाच."

"सदर बाटलीतील द्रवात कीटकनाशकाचा अंश आढळून आला नाही."

"म्हणजे औषध खोटं होतं, असं सरकारने लिहून दिलंय?"

"हो, पण मामा, त्याच्यापुढे..."

त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. धुतलेला सदरा घातला, नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि मला म्हणाले, "चल, काकूंकडे. एवढं वाचून दाखव." वकील बघायचा सोडून हा माणूस आरोपाचा कागद बक्षिसासारखा मिरवायला निघाला होता. आणि मी गेले. कारण पाच महिन्यांत मी त्यांना एवढं ताठ चालताना पाहिलं नव्हतं.

काकू ओसरीवर टोमॅटो निवडत होत्या. मामा दारातच उभे राहिले. मी ती ओळ वाचली. काकूंचे हात थांबले. त्यांनी मामांकडे पाहिलं आणि मला वाटलं, झालं, आता त्या बोलतील. पण त्या माझ्याकडे वळल्या. "कागद तर मोठा दिसतोय. थांबलीस का? पुढे वाच की."

मी मामांकडे पाहिलं.

"वाच," मामा म्हणाले. "माझी सही आहे त्यात. लपवायचं काय?"

मी वाचलं. "बनावट औषधासाठी सदर बाटल्या पुरविल्याचे आपण आपल्या जबाबात मान्य केले आहे. आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा."

"काकू, हे असं ते बोललेच नव्हते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "त्यांनी फक्त भंगारात..."

काकूंनी हाताने मला गप्प केलं. पाटीतला एक किडका टोमॅटो काढून बाजूला टाकला. मग मामांना म्हणाल्या, "म्हणजे भाऊ, तुम्ही माझं औषध विकलं नव्हतं. बाटली विकली होती."

"हो, हो," मामा घाईघाईने म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "औषध नाही विकलं, बाई. तेवढं सगळ्यांना सांगा."