बाबांनी बंद केलेलं सिम्युलेशन

पुण्यातली प्रयोगशाळा सोडून मी रोह्याला परत आले ती बाबांसाठी. धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य ऑपरेटर म्हणून काढलं होतं. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं तोच त्यांना अर्धांगाचा झटका आला. शरीराची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आवाज होता, पण शब्द सापडत नसत. 'हां' एवढा एकच उरला होता आणि तो ते होकाराला वापरत तसाच नकारालाही. आई आधीच गेलेली, भावंड नाही. आता कुणी यायचं, हा प्रश्नच नव्हता. मी बॅग भरली.

पीएचडी अर्धी झाली होती. माझे मार्गदर्शक सर समजूतदार. त्यांनी प्रयोगशाळेतला एक जुना संगणक मला घरी नेऊ दिला. "काम तिथून कर. अडलं तर पत्र लिही," म्हणाले. घरी फोन नव्हता. नव्वदच्या दशकातला तो काळ. ई-मेल पुण्यात होता, रोह्यात नव्हता. मी पेणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी धरली आणि संगणक आमच्या बाहेरच्या खोलीत, बाबांच्या पलंगासमोर मांडला. दुसरीकडे जागाच नव्हती.

काम काय होतं ते सांगते. गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, त्या रोगाच्या विषाणूच्या पृष्ठभागावर प्रथिनाचं एक सैल वेटोळं बाहेर डोकावत असतं. शरीरात तयार होणारी अँटिबॉडी नेमकं तेच पकडते. परदेशात कुणीतरी त्या पकडीतल्या प्रत्येक अणूची जागा शोधून काढली होती. पण ते झालं छायाचित्र. खरे अणू क्षणभरही स्वस्थ नसतात. ते हलू लागले की ही पकड टिकते कशी, सुटलीच तर कुठून सुटते, हे मला बघायचं होतं. म्हणून प्रत्येक अणूवर दुसऱ्या अणूंचा किती जोर पडतो ते संगणकाने काढायचं, त्या जोराने सगळ्यांना अगदी बारीकसं पाऊल पुढे सरकवायचं, की पुन्हा हिशेब, पुन्हा पाऊल. यालाच सिम्युलेशन म्हणतात. दिवसभर यंत्र घरघरत राहिलं तर दोन-तीन पिकोसेकंद पदरात पडत. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद. मला असे तीनशे हवे होते. वीज गेली की थांबायचं आणि शेवटच्या नोंदीपासून पुन्हा सुरू करायचं.

सकाळच्या डिझेल गाडीने मी पेणला जाई. नागोठणे, मग कासू. कासूच्या पुढे दोन्ही बाजूंना सपाट खारजमीन, दूर मिठागरांचे पांढरे ढीग, आणि डब्यात रोजचीच माणसं. त्यांच्याशी भाजी, बदल्या, पोरांच्या परीक्षा असं सगळं बोलणं होई. माझ्या कामाबद्दल एकदा स्टाफरूममध्ये बोलून पाहिलं होतं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि मग एका बाईंनी विचारलं, "पण हे कॉलेजच्या सिलॅबसमध्ये येतं का?" त्यानंतर मी बोलले नाही. त्यांचा दोष नव्हता. पण डोक्यात दिवसभर जे चाललंय ते ऐकायला सव्वाशे किलोमीटरच्या आत कुणी नाही, ही जाणीव मला संध्याकाळच्या गाडीत फार होई. खिडकीकडे तोंड करून मी मनातल्या मनात सरांशी बोलत असे.

दिवसा बाबांकडे एक मावशी यायच्या. कुंडलिका नदीच्या पलीकडच्या वाडीतल्या. त्यांच्या जोडीतल्या एका बैलाला त्या साली खरोखरच लाळ्या झाला. एका सुट्टीच्या दिवशी त्या पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ह्ये रेघांचं काय हाय गो बाय?"

मी सांगितलं, तुमच्या बैलाला जे झालंय त्याचाच हा तुकडा.

त्या वाकून बघत राहिल्या. "मंग यातून औषिद निघंल?"

"नाही मावशी. इतक्यात नाही. कदाचित कधीच नाही."

"मंग चालू कशाला ठेवतेस?"

उत्तराला न थांबता त्या बाबांची पेज आणायला आत गेल्या. बैल महिन्याभराने उठला, आपल्या आपणच.

बाबा मात्र पडद्याकडे बघत असत. रेघांच्या चित्राखाली दर थोड्या वेळाने आकड्यांची एक नवी ओळ उमटे. किती काळ झाला, ऊर्जा किती, तापमान किती. तापमान त्यांना बरोबर ओळखू आलं. मी एकदा सांगितलं होतं, "बाबा, हे तीनशेच्या आसपास राहिलं पाहिजे. तीनशे केल्विन, म्हणजे आपल्या खोलीतल्या हवेइतकं. दोन-चार खाली, दोन-चार वर." ते म्हणाले, "हां." काही दिवसांनी त्यांनी डाव्या हाताने माझं पेन मागितलं. मी कॉलेजातली एक वही दिली. मग ते तासातासाला आकडा उतरवून घेऊ लागले. डाव्या हाताचं अक्षर, तीनचा आकडा कधी उलटा. कंपनीत असंच रीडिंग घेत असत, तर म्हातारपणी वेळ जातोय, असं मला वाटलं. वही मी उघडून पाहिली नाही.

मग सरांचं पत्र आलं. एका परदेशी गटाने हेच काम हाती घेतलंय असं कानावर आलं होतं. त्यांच्याकडे मोठी यंत्रं आहेत, तेव्हा होईल तेवढी घाई कर, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते पत्र कॉलेजच्या पोर्चमध्ये उभ्याने वाचलं आणि गाडीत बसून पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आल्यावर यंत्र पुन्हा सुरू करताना मी पावलाची लांबी दुप्पट केली. चुकून नाही. जाणूनबुजून केली. पाऊल दुप्पट म्हणजे दिवस निम्मे. असं करायचं तर अणूंमधले बंध आधी जखडावे लागतात, हे मला पाठ होतं. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती सोय नव्हती. पण चालून जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. शेजारच्या टेबलावर कुणी असतं तर त्याने 'हे काय करतेस' म्हणून विचारलं असतं. शेजारी कुणी नव्हतं.

चार दिवसांनी वेटोळं सुटलं.

पडद्यावरच्या रेघांत ते मी सकाळी गाडीला निघण्यापूर्वी पाहिलं. अँटिबॉडीच्या मुठीतून त्याचं एक टोक बाहेर आलं होतं. हातातला डबा तसाच धरून मी बघत राहिले. कुणालाही न दिसलेली गोष्ट रोह्यातल्या एका खोलीत मला दिसत होती. "बाबा, सुटलं!" मी ओरडले. ते माझ्याकडे नाही, खालच्या आकड्यांकडे बघत होते. "हां, हां," म्हणाले, जरा जोरातच. त्यांनाही आनंद झालाय असं मला वाटलं. पेणला उतरल्यावर मधल्या सुट्टीत मी सरांना चार पानी पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. गेल्या दोन वर्षांत इतकी खूश मी झाले नव्हते.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरी आले तर पडदा काळा. पंखा मात्र फिरत होता, म्हणजे वीज होती.

मावशी दारातच थांबलेल्या. "मी नाय हात लावला, बाय. ह्ये दुपारधरनं खुणा करत व्हते. माजा हात धरला, तिथलं बटण दाखवलं. मी नाय म्हणलं. मंग सोताच उठले, भिंतीला धरून."

झटका आल्यापासून बाबा कुणाच्या आधाराशिवाय एकदाही उठले नव्हते. ते मला त्या क्षणी जाणवलंच नाही. मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आज लिहायची इच्छा नाही. तुमच्यासाठी सगळं सोडून आले, हे त्यात होतं. उलटून बोलू न शकणाऱ्या माणसावर मी ओरडत होते, आणि ते माझ्याकडे सरळ बघत होते. माझं बोलून संपल्यावर त्यांनी उशीखालची वही काढून माझ्या पुढ्यात धरली.

शेवटची तीन पानं मी वाचली. ३०३. ३०९. ३१८. मधे एक बारीक रेघ. ३३२. ३५१. शेवटचा आकडा ३७७, आणि त्याखाली दोनदा ओढलेली जाड रेघ, इतकी दाबून की कागद फाटला होता.

आठवडाभर मी फक्त चित्र पाहत होते. तापमानाच्या रकान्याकडे माझी नजर गेलीच नव्हती. दुप्पट पावलांनी अणू एकमेकांवर आदळत होते आणि प्रत्येक धडकेगणिक हिशेबात नसलेली उष्णता आत शिरत होती. वेटोळं सुटलं नव्हतं. मी ते उकळून काढलं होतं.

मी पलंगाच्या कडेला बसले. मावशी हळूच निघून गेल्या. "बाबा, माझी चूक झाली," मी म्हटलं. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला नाही किंवा तसलं काही केलं नाही. त्यांनी पेन पुढे केलं. वहीची कोरी ओळ दाखवली. म्हणजे आता पहिल्यापासून सुरू कर.

दुसरं पत्र एक पानी होतं. पाऊल दुप्पट केलं होतं हेही त्यात मी लिहिलं. ते लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. उत्तरात सरांनी चुकीबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. सावकाश कर, दुसरे पुढे गेले तर जाऊ देत, असं होतं, आणि शेवटी, "तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग." तो मी सांगितला. "हां," बाबा म्हणाले.

पुन्हा सुरू केलेलं काम कित्येक महिने चाललं. आकडा तीनशेच्या आसपास राहिला. वेटोळं थरथरलं, डगमगलं, पण सुटलं नाही. नाट्य काहीच घडलं नाही. ते दुसरे लोक आमच्या आधी छापून मोकळे झाले, आणि त्यांच्याकडेही ते सुटलं नव्हतं. आमचा लेख मागाहून, लहानसा आला. तो बाबांनी पाहिला नाही. हिवाळ्यातल्या एका दुपारी, मी पेणला वर्गात असताना ते गेले. निरोप घेऊन शिपाई दारात आला तेव्हा फळ्यावर माझं समीकरण अर्धं होतं. त्या दिवशीची गाडी कासूला उगाच बराच वेळ उभी राहिली.

तेराव्यानंतर धाटावहून एक गृहस्थ स्कूटरवर आले. बाबांच्या हाताखाली काम केलेले. कंपनीची खाकी पँट, सेकंड शिफ्टला जायच्या वाटेवर होते. मी त्यांना चहा दिला.

"तुम्हाला ती बॅचची गोष्ट ठाऊक असंल," ते म्हणाले.

"कुठली?"

"रिअ‍ॅक्टरचं टेम्परेचर चढत होतं. फार नाय, थोडं थोडं. इंजिनीअर बोलले, मीटर बिघडलाय, चालू ठेवा. तुमच्या वडलांनी कोणाला न विचारता बंद केला. अख्खी बॅच वाया. मेमो मिळाला, बढती अडली. आम्ही चौघं तेव्हा त्या मजल्यावर होतो."

"मीटर खरंच बिघडला होता का?"

ते जरा हसले. "कसं कळणार? बंद केलं की पुढं काय झालं असतं ते दिसत नाय ना."

एकाच घरात मी बाबांबरोबर किती वर्षं जेवले होते. बोलता येत होतं तेव्हा मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की दिवसभर तुम्ही तिथे काय करता.

त्या गृहस्थांनी कप खाली ठेवला, घड्याळ पाहिलं आणि हेल्मेटला हात घातला.

"अजून सांगा," मी म्हटलं. "त्यांचं काहीही."

ते परत खुर्चीत बसले.