वाकळीचा कोपरा

१४ नोव्हेंबर १९३१, शनिवार. वाकळांचा ढीग पुढ्यात घेऊन मी त्यांचे कोपरे उसवत होते आणि हे काम माझ्यामागे लावणाऱ्या बाई दारात बसून माझ्या कात्रीकडे बघत होत्या. परभणीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या या बायबलबाई, म्हणजे गावोगाव फिरून शास्त्रातल्या गोष्टी सांगणाऱ्या. साऱ्या पृथ्वीवर परका म्हणता येईल असा माणूस त्यांना कधी भेटलाच नव्हता. कुठल्याशा देशात भूकंप झाल्याचे पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितले, की बाई घरी जाऊन सुतक आल्यासारखी चूल विझवत. तो देश कुठे आहे असे विचारले तर म्हणत, "असंल की सोनपेठच्या पल्याड."

त्या साली चीनमध्ये महापूर आला. थंडीच्या आत तिकडे पांघरुणे पाठवायची म्हणून मिशनने मंडळ्यामंडळ्यांतून वाकळा मागवल्या, आणि बाई जुनेर गोळा करायला निघाल्या. चारठाण्याच्या देवळात जाऊन त्यांनी पुजाऱ्यापुढे पदर पसरला. "बाई, तुमचा देव वेगळा, आमचा वेगळा," तो म्हणाला. "आसू द्या की महाराज, थंडी तर एकच हाय." त्याने अंगावरचे उपरणे काढून दिले. तहसील कचेरीत तर त्यांनी छताच्या, दोरीने ओढायच्या पंख्याची फाटकी झालरच सोडवायला घेतली. पेशकार ओरडला, "अरे बाई, ये सरकारी माल है." बाई झालरीच्या गाठी सोडता सोडता म्हणाल्या, "सरकारला कुठं थंडी वाजायलीय?" झालर घेऊनच त्या परतल्या. पेशकाराने दुसऱ्या दिवशी आपली जुनी शेरवानीही पाठवली. बहुधा बाई पुन्हा कचेरीत येऊ नयेत म्हणून.

चर्चच्या मागच्या पडवीत आम्ही बायकांनी वाकळा शिवल्या. आमच्याकडे वाकळ उपाशी ठेवत नाहीत. शेवटचा कोपरा शिवून टाकण्याआधी आत भाकरीचा कुटका घालायचा, म्हणजे पांघरणारा कधी उपाशी निजत नाही. पाळकसाहेबांना हे मान्य नव्हते. हा अंधविश्वास आहे, ख्रिस्ती घरात चालणार नाही, असे ते म्हणाले. बाईंनी मान खाली घालून विचारले, "येशूनं वाटलेल्या पाच भाकरी न् दोन मासे चालत्यात साहेब, आमची चतकोर न्हाई का चालायची?" साहेब हसले आणि तिथेच फसले. बाईंनी खरोखरच प्रत्येक वाकळीत चतकोर कोंबली.

आठवड्यातच वाकळांना मुंग्या लागल्या. कोपऱ्यांवर हिरवट बुरशीचे डाग उमटले. असला माल मुंबईला बोटीवर घेणार नाहीत, सोमवारच्या गाडीने गठ्ठा जायचा तर भाकऱ्या काढा, असे साहेबांनी बजावले, आणि काम माझ्याकडे आले. मला रडारड जमत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

"अक्का, एकीत तरी ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या.

"एका वाकळीनं सगळा गठ्ठा नासंल. पांघरूण पोचणं महत्त्वाचं, का तुमची भाकरी?"

बाई म्हणाल्या, "मोठ्या दुकाळात माय गेली, तवा मला मिशनमधी आणलं. परदेशातनं पेटाऱ्यात रजया आल्या होत्या. मला एक दिली. लय ऊबदार. पर तिचा कोपरा मी रोज रातच्याला चघळायची. वाटायचं, आपल्याकडं ठिवत्यात तसं त्या बाईनंबी आत काई ठिवलं असंल."

"मग?"

"कापूसच निघाला. त्या बिचारीला काय ठाऊक," एवढे बोलून त्या उठल्या आणि गेल्या. मी उरलेल्या भाकऱ्या काढल्या. काढणे भागच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवार असूनही, मी उजाडताच चूल पेटवली. ज्वारी निवडून खमंग भाजली, कडकडीत कोरडी झाल्यावर पसरून गार केली आणि प्रत्येक कोपऱ्यात मूठभर घालून दुहेरी शिवण मारली. बाई कधी येऊन शेजारी बसल्या ते कळले नाही. त्या सुईत दोरा ओवून देत होत्या, मी शिवत होते. उपासनेची घंटा झाली तेव्हा पाळकसाहेबांनी डोकावून विचारले, भाकऱ्या काढल्या ना. सगळ्या काढल्या, असे मी सांगितले, आणि गठ्ठ्याची दोरी आवळली.