देवकाच्या वहीतली शेवटची ओळ

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. पोरीपाशी नाही, भावापाशी नाही. देवापुढे बसतो, पण तिथंही तोंड उघडत नाही. चौथी शिकलेला माणूस आहे, लिहायला वेळ लागतो. लागू द्या.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कॉम्प्युटरची धूळ काढणं. अंगणात खाटेवर डबा आडवा टाकला होता, झाकण उघडून. मी सायकलच्या पंपानं हवा मारत होतो. देवका, माझी बायको, आतल्या पंख्याच्या पात्याला बोट लावून बसली होती.

"हळू मारा ना अजी. पंखा गरगर फिरला तर बिघडते थो."

"चाळीस वर्षं गिरणी चालवली म्या. मले पंखा शिकवते काय वो?"

"गिरणीत कोंडा उडे. इथं माह्या डोळ्यात उडून राहिला."

हसली. मीही हसलो. त्यानंतर ती सात महिने जगली, पण तसं हसणं पुन्हा झालं नाही. काहून झालं नाही, ते फक्त मला माहीत आहे.

लोक काय म्हणतात? तिच्या तेरवीला सगळी लाखनी, आमचं अख्खं गाव, म्हणत होती — बुढ्यानं बायकोची लय सेवा केली. बुंदी खात खात म्हणत होते. मूर्ख साले. एकानंही माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही.

आता कॉम्प्युटरचं सांगतो. आमची वर्षा नागपूरला नोकरीवर असते. तिनं नवीन घेतला आणि जुना मायला दिला. देवका सातवी पास. तिचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलेलं. त्या कॉम्प्युटरवर ती ते गाव उभं करत होती — खोटं गाव, पडद्यावरचं, पण चहूबाजूंनी फिरून पाहता येईल असं. चावडी, बोडी म्हणजे गावचं तळं, बोडीच्या पाळीवरची चिंच, तिच्या बापाचं घर. मी म्हणायचो, "बुडालेल्या गावाले कायले उकरते?" ती खिडक्या लावत बसायची.

गाव वाढलं तसा कॉम्प्युटर अडखळायला लागला. चित्रं काढायचं काम आत एक ग्राफिक कार्ड करतं, ते म्हातारं झालेलं. तर बाईनं व्हिडिओ पाहून ठरवलं की कंपनीनं बांधून दिलेल्या वेगापेक्षा त्याला थोडं जास्त पळवायचं. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. रीत अशी — आधी धूळ काढा. मग पडद्यावर एक दांडी असते, ती पंधरा घरं सरकवा, फक्त पंधरा. मग अर्धा तास गाव फिरवत ठेवा आणि गरमी किती चढते ते पाहा. ऐंशीच्या वर गेली, पडद्यावर रंगीत चौकटी दिसल्या, की दोन पावलं मागे या. आणि खाली दुसरी दांडी असते, विजेचा दाब वाढवायची. तिला नवख्या माणसानं हातच लावायचा नाही.

एवढं सगळं ती एका वहीत ठेवायची. तिचे डोळे पडद्यावर, म्हणून ती आकडा बोलायची आणि मी लिहायचो. अक्षर माझं. हे ध्यानात ठेवा.

मला हसू यायचं. पंधरा! अशी मशीन चालवतात? तुमसरच्या मिलमध्ये मी धान सडायचा हालर चालवायचो तेव्हा कोणता आकडा पाहत होतो? बेअरिंगवर तळहात ठेवायचा. तीन श्वास टिकला तर मशीन ठीक, सोडा पट्टा जोरात. पट्ट्याच्या आवाजावरून सांगायचो की धान ओला आहे. मालक मला विचारल्याशिवाय बटन दाबत नव्हता. आणि आता ही बाई वही घेऊन मला मशीन शिकवणार? मी तिला घाबरट म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. तिची ती सावधगिरी पाहून मला किळस यायची — हो, किळसच, दुसरा शब्द नाही.

त्या दिवशी धूळ काढून झाली, डबा जागेवर गेला, दांडी पंधरा सरकली. तिनं आकडा सांगितला, मी लिहिला. तेवढ्यात वर्षाचा फोन आला. पोर फोनवर मोठ्यानं बोलते, मला सगळं ऐकू आलं.

"माय, बाबाले हात नको लावू देजो. ते गिरणीवानी दाबतील."

दोघी हसल्या. माझी पोर आणि माझी बायको. मी बाजूलाच बसलो होतो, पेन हातात.

मग देवका पिशवी घेऊन बाजाराला निघाली. उंबऱ्यावरून म्हणाली, "गाव फिरून राहिलं, फिरू द्या. तुमी फक्त आकडा पाहा. ऐंशी झाला तर बंद करजा."

पाहा — पोरीनं हात लावू नको म्हटलं, आणि हिनं पूर्ण मशीन माझ्या भरवशावर सोडली.

आकडा एकाहत्तर होता. मी डब्याला तळहात लावला. तीन श्वास कशाला, तीस श्वास टिकला. गार होता. टिनाचा डबा गारच राहणार ना! आतलं कार्ड वेगळं आणि बाहेरचा पत्रा वेगळा, हे नऊ वर्षांच्या लेकरालाही कळलं असतं. चाळीस वर्षांच्या मिस्त्रीला कळलं नाही. मी वरची दांडी शेवटपर्यंत ओढली. मग खालची. तिलाही शेवटपर्यंत.

थोडा वेळ गाव असं फिरलं म्हणता — चिंच, चावडी, घर, कुठंच अटकलं नाही. मी खुर्चीत मागे रेललो, म्हटलं, येऊ दे आता तिला. मग बोडीच्या पाण्यावर हिरव्या चौकटी आल्या. मग सगळ्या गावावर. मग काळं. आणि मोटरची वाइंडिंग जळते तो वास. तो वास मी झोपेतही ओळखतो.

मी खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. ती आली तेव्हा म्हणालो, "आपोआप गेलं. म्या हात नाही लावला."

ती भांडली असती तर? भांडली नाही. तिनं संध्याकाळभर स्वतःलाच विचारलं — "म्या पंधराच वाढवले होते ना?" वर्षा फोनवर म्हणाली, गाव सुखरूप आहे, फक्त कार्ड गेलं, नवीन आणते. पण नंतर देवकाच नको म्हणाली.

तिची आई शेवटी सगळं विसरली होती, पोटच्या पोरीलाही. देवकाला जगात त्या एकाच गोष्टीची भीती होती, आणि लग्न झाल्यापासून ती मला माहीत होती. त्या कार्डानंतर ती मला विचारायला लागली — अजी, म्या मीठ टाकलं का? गोळी घेतली का? टाकलेलं असायचं, घेतलेली असायची. तिचं डोकं शाबूत होतं. "मायचा रोग आला मले," म्हणायची. कॉम्प्युटरवर तिनं चादर टाकली. पावसाळ्यात छातीत कळ येऊन देवका वारली, तेही स्वतःच्या डोक्याला भीत भीतच. आणि मी सात महिने तिला हाताला धरून दवाखान्यात नेत होतो. त्यालाच लोक सेवा म्हणतात.

एक जळलेलं कार्ड माणसाला एवढं हलवतं का? नाही हलवत. मधली एक सकाळ मी सांगितली नाही.

कार्ड जळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती उठली, अंगणात सडा टाकायला गेली. मला माहीत होतं, आंघोळ करून ती वही पाहणार. मी वही काढली. पंधराच्या ओळीखाली त्याच पेनानं एक ओळ लिहिली — खालची दांडी, पूर्ण. अक्षर माझंच, नेहमीसारखं. वही जागेवर ठेवली आणि चहा मांडला.

ती ओल्या केसांनी वही घेऊन आली. त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. "हे म्या कवा सांगितलं, अजी?"

मी चहा गाळत होतो. वर पाहिलं नाही.

"तू बोलली, म्या लिहिलं," म्हणालो. "विसरली का?"